बार्बाडोसच्या फडातली गाडीवाट

धक्क्यावर

जहाज बार्बाडोसच्या धक्क्याला लागत होते आणि आम्ही तिघे सर्वांत वरच्या मजल्यावर कठड्याशी उभे होतो. बेट अजून नीट दिसतही नव्हते. सकाळच्या धुरकट उजेडात त्याची एक चपटी, हिरवी कडा तेवढी वर आलेली. दिसण्याआधी आला तो वास. ओला चुना, डिझेल, कुजते शेवाळ, आणि या सगळ्यांच्या तळाशी काहीतरी गोड, किंचित करपलेले. माझा धाकटा भाऊ बापू याने मान वर करून दोनदा हुंगले.

"अक्का, इथं ऊस हाय," तो म्हणाला.

बापूची तीस वर्षे आमच्याकडच्या साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेली. कोणाचा ऊस कधी तोडायचा, कोणत्या बैलगाडीवाटेने ट्रॉली बाहेर काढायची, हे त्याचे काम. ढोकीच्या पंचक्रोशीतला एकही फड असा नसेल ज्याच्या बांधावर तो जेवलेला नाही. निवृत्तीनंतर अमेरिकेतल्या त्याच्या मुलाने आम्हां तिघांना, म्हणजे त्याला, मला आणि आमच्या आईला, कॅरिबियन बेटांच्या या सागरी सफरीवर पाठवले. एकेक दिवस एकेक बेट. सकाळी उतरायचे, संध्याकाळी परत चढायचे.

आई एक्क्याऐंशीची. गुडघे साथ देत नाहीत म्हणून ती बहुतेक ठिकाणी जहाजावरच थांबायची. तिला मराठीखेरीज भाषा येत नाही. संध्याकाळी, जेवणापूर्वी, तिला इन्शुलिनची सुई टोचावी लागते, आणि ती मी टोचते. तिच्या हाताला आता कंप आहे, सिरिंजवरच्या बारीक रेघा तिला दिसत नाहीत. हे सगळे त्या सकाळीही मला ठाऊक होते. तरीही बापूने "आज टोळीबरोबर बसमधून न्हाय हिंडायचं, आपली आपण गाडी घेऊ" म्हटले तेव्हा मी हो म्हटले.

"जावा की," आई म्हणाली. "म्या काय समुद्रात उडी मारनार न्हाय."

उतरण्याच्या दारापाशी फलक होता: सर्व प्रवाशांनी साडेचारपर्यंत परत यावे. जहाज पाचला निघेल. उशीर झालेल्यांसाठी जहाज थांबत नाही. शेवटचे वाक्य लाल अक्षरांत होते.

पूर्वेकडे

बंदराजवळच्या गाडीवाल्याने बापूचा भारतातला परवाना बघितला, एका कागदावर शिक्का मारून दिला, आणि हातात घडीचा नकाशा ठेवला. फोन इथे चालणार नव्हते; जहाजावरचे महागडे इंटरनेट आम्ही घेतले नव्हते. पण वाहने डाव्या बाजूनेच चालतात हे कळल्यावर बापूची छाती दोन बोटे फुगली.

"मग काय, कळंबच समज," त्याने किल्ली फिरवली.

कळंब नव्हते ते. रस्ता अरुंद, नीट डांबरी, आणि दोन्ही कडांना ऊस इतका बिलगलेला की प्रत्येक वळण आंधळे. बसथांब्यांच्या पाट्यांवर गावाचे नाव नसे. एका बाजूला "शहराकडे" आणि दुसऱ्या बाजूला "शहराबाहेर". बेट एवढेसे की दिशा दोनच पुरतात. मला त्या पाट्या फार आवडल्या. गावाकडच्या वाटांवरच्या दगडी पाट्यांनी किती गावांची नावे तोंडपाठ करायला लावली होती. इथे माणूस एकतर जवळ येत होता किंवा दूर जात होता.

बापू सवयीने प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवी. समोरून येणारा प्रत्येक जण हसून हात हलवी, आणि उलट हॉर्न वाजवी. तासाभराने आमच्या ध्यानात आले की इथे हॉर्न हा रामराम आहे.

"अर्धं बेट ओळखीचं झालं," बापू म्हणाला.

पूर्व किनाऱ्यावरचा समुद्र वेगळाच. जहाजाच्या बाजूचा निळा, शांत. हा करडा, उभा राहून कोसळणारा. किनाऱ्यावर घरांएवढे दगड, खालून लाटांनी कुरतडलेले, कसे उभे आहेत असे वाटावे असे. मिठाचा बारीक फवारा ओठांवर साचत होता. एका टपरीवर विस्तवात अख्खा भाजलेला विलायती फणस मिळाला. वरून काळाठिक्कर, आतून पिठूळ, कोमट, भाजल्या रताळ्याच्या धाकट्या भावासारखा. त्यावर मोहरीत वाटलेल्या पिवळ्या मिरचीचा ठेचा. पहिल्या घासाला बापूच्या डोळ्यांत पाणी आले. "आईला न्यायला पाहिजे होतं," तो म्हणाला, आणि मला एकदम घड्याळ बघावेसे वाटले. अडीच. शहर तासाभराच्या आत. वेळ पुष्कळ होता.

फडात

चढ चढून आम्ही उसाच्या पठारावर आलो आणि रस्ता बंद. आडवे लाकूड, त्यावर पाटी, पलीकडे उकरलेला खड्डा. वळणमार्गाचा बाण आलो त्याच दिशेला परत, डोंगराला वळसा घालून. नकाशावर बोट ठेवून मी अंतर मोजत होते. बापू खाली उतरून रस्त्याकडेच्या एका कच्च्या वाटेकडे बघत होता. दोन चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी, दोन्हीकडे दीड पुरुष उंच ऊस.

"ही बघ गाडीवाट. सरळ पश्चिमेला जायली."

"नकाशात नाही ती, बापू."

"नकाशा काढणाऱ्यानं कधी ऊस तोडलाय का? अक्का, उसाची वाट कधी मुकी नसती. ऊस तोडला की तो कारखान्याला जाणार. कारखान्यापाशी वजनाचा काटा आसतो. काट्याला डांबरी आसतीच. दहा मिनिटात डांबरीला लागतो का न्हाय बघ."

हे आमच्या मुलखात शंभर टक्के खरे आहे. जळकोटच्या शेतात लहानपणी आम्हीही असेच शिकलो: फडात वाट चुकली तर ट्रॉलीच्या चाकोरीत शिरावे, ती माणसांत नेऊन सोडते. मी विरोध केला नाही. ती चूक निम्मी माझी.

गाडी आत शिरली आणि जग मिटले. आभाळाची एक चिंधी वर, बाकी सगळा ऊस. पात्यांच्या धारा दारांवर करकरत होत्या. हवा दाट, गोड, घामट झाली. मग पाऊस आला, आपल्याकडचा येतो तसा नव्हे, तर कोणीतरी बादली उपडी केल्यासारखा, आणि चार मिनिटांत निघूनही गेला. ऊन पुन्हा पडले तेव्हा चाकोरीतून वाफ निघत होती, आणि मला त्या वाफेखालची माती दिसली. काळी. आमचीच काळी, चिकण, पायताण ओढून घेणारी.

"बापू, परत फिरू."

"फिरू कुठं? जागा पाहिजे ना."

जागा मिळाली ती वाटेच्या शेवटी. ऊस एकाएकी संपला आणि समोर मोकळे आवार आले. मध्ये दगडी पवनचक्कीचा बुरूज, पाती नसलेला, त्याच्या डोक्यातून एक वडासारखे झाड उगवलेले, मुळ्या दगडांवरून खाली वितळलेल्या. मागे विटांचे धुराडे. धुराड्याला धूर नाही. पत्र्याचे छप्पर आत कोसळलेले, आणि गवतात पालथे पडलेले तीन लोखंडी रूळ, उसाचा रस काढायचे, गंजाने लाल.

बापूने गाडी बंद केली नाही, पण पुढेही नेली नाही.

"कारखाना बंद हाय, अक्का," तो म्हणाला. "लई दिवसाचा बंद हाय."

आवारापलीकडे डांबरी नव्हती. काटा नव्हता. होती ती बाभळीसारख्या काटेरी झुडपांची भिंत. तीन वाजून पाच मिनिटे झाली होती. बापूने गाडी मागे घेऊन वळवायला सुरुवात केली आणि पुढचे डावे चाक आवाजही न करता एका जुन्या चरात बसले. त्याने जोर लावला. चाक फिरले, चिखलाचे शिंतोडे काचेवर आले, गाडी आणखी चार बोटे खाली गेली.

मी उतरले. घोट्यापर्यंत पाय रुतले. कुठेही माणसाचा आवाज नव्हता. फक्त ऊस अंगाला अंग घाशीत होता. माझ्या मनात त्या क्षणी एकच चित्र होते: पाच वाजता धक्का सोडणारे जहाज, आणि त्यात सातव्या मजल्यावरच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसलेली आई. पुढचे बंदर दुसऱ्या दिवशी सकाळी. मधे एक संध्याकाळ, एक जेवण, आणि न टोचलेली सुई. साखर चढली की लागणारी तिची तहान कोणाला कळणार होती? "पाणी" हा शब्दसुद्धा तिथे कोणाला ठाऊक नव्हता.

मिस ईना

धुराड्यामागून आधी जनावरे आली. तांबूस, काळ्या पोटाची, लोकर नसलेली. मी शेळ्या म्हटले. बापूने त्याही स्थितीत "शेपूट खाली हाय, मेंढ्या हायत" अशी दुरुस्ती केली. त्यांच्यामागे एक म्हातारी बाई आली, डोक्याला फडके, पायांत रबरी बूट, हातात कोयता.

बापू चिखलातून तिच्याकडे धावला. "मॅडम! डांबरी रोड कुठं? व्हेअर इज रोड? शिप! शिप!"

बाईने त्याच्याकडे बघितले, मग मेंढ्यांकडे बघितले, आणि काही बोलली नाही.

"बहिरी हाय का काय?" बापू हताश होऊन मला म्हणाला.

बहिरी नव्हती. सकाळपासून प्रत्येक दुकानात, प्रत्येक टपरीवर माझ्या कानांवर एक गोष्ट पडत होती, आणि ती मला आत्ता कळली. इथे आधी दुपारच्या शुभेच्छा, मग काम. आमच्याकडे वाटेत भेटलेल्याला "कुठं निघालात?" हाच नमस्कार असतो; इथे नमस्काराशिवाय विचारणे म्हणजे उंबऱ्याला न शिवता माजघरात शिरणे. घड्याळात तीन चौदा झाले होते. मी तिच्यासमोर जाऊन, चिखलात, हात जोडून उभी राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "शुभ दुपार, बाई."

"शुभ दुपार, पोरी," ती म्हणाली. मी त्रेसष्ट वर्षांची आहे. "आता सांग. या वाटेने गाडी घालायची अक्कल कोणाची?"

मी बापूकडे बोट दाखवले.

तिचे नाव मिस ईना. तरुणपणी याच मळ्यावर ती ऊस तोडत असे. कारखाना बंद होऊन तिची नातवंडे मोठी झाली. ऊस आता यंत्र तोडते आणि दुसऱ्याच बाजूने घेऊन जाते. ही वाट आता फक्त तिची आणि मेंढ्यांची. डांबरी आहे, पण ती आलो त्या बाजूला, मधल्या एका फाट्यावरून.

"पण आधी हे चाक," ती म्हणाली.

बापूला मात्र आता स्वतःचे काम सापडले होते. तोडलेल्या उसाचे वाळके पाचट कडेला ढिगाने पडले होते. तो कवळेच्या कवळे आणू लागला. "अक्का, उभं घालू नको, सटकतंय. आडवं. मग त्यावर उभं. चटईवानी." काळ्या रानात फसलेल्या ट्रॉल्या अशाच काढतात. मिस ईनाने त्याचे हात बघितले, काही न विचारता कोयत्याने उसाचे हिरवे शेंडे, वाडे, छाटून खाली घातले, आणि मान हलवली: ओले खाली, वाळके वर. पाती माझ्या बोटांना कापत होती. बारीक, चुरचुरणारे काप, ज्यांतून रक्त थोड्या वेळाने येते.

पहिल्या खेपेला चाक पाचट गिळून बसले. दुसऱ्या खेपेलाही. तीन पस्तीस. बापू स्टीअरिंगवर डोके टेकून बसला.

"म्याच आनलं तुला इथं," तो म्हणाला. "आईला काय झालं तर—"

"ऊठ," मी म्हणाले. मोठ्या बहिणीचा आवाज किती वर्षांनी निघाला कोण जाणे. "पाचट आण."

तिसऱ्या खेपेला मी आणि मिस ईना मागून रेटत होतो. तिच्या अंगाला साबणाचा, मेंढ्यांचा आणि उसाच्या रसाचा वास होता. गाडी एकदा हिंदकळली, थांबली, आणि उडी मारल्यासारखी वर आली. मी तोंडावर पडले. तोंडात काळी माती आली, आणि तिची चवही ओळखीची होती.

मिस ईना विचारल्याविना पुढच्या जागेवर बसली, मांडीवर कोयता. "डावीकडे. पुन्हा डावीकडे. तिकडे नाही, रे माणसा!" फाटा उसाच्या पात्यांनी असा झाकलेला होता की आम्ही दहादा गेलो असतो तरी दिसला नसता. वाटेत तिने विचारले, जहाजावर कोण आहे?

"आमची आई."

"एकटी? वय?"

मी सांगितले. तिने मान वळवली. मग बापूला म्हणाली, "मग इतका सावकाश का चालवतोस?"

डांबरी आली. ती उतरली. मी म्हटले, तुम्ही परत कशा जाणार?

"रोज ज्या पायांनी जाते त्यांनी. निघा."

शहराकडे

तीन पन्नास. थांब्यांवरची "शहराकडे" ही अक्षरे मागे पळत होती. बापूने आता हॉर्नला हात लावला नाही. रामराम करायला वेळ नव्हता. शहराच्या तोंडाशी शाळा सुटल्या होत्या, गाड्यांची रांग मुंगीच्या पायाने सरकत होती. चार बावीसला आम्ही उजवीकडे वळण्यासाठी एका चौकात थांबलो. वळल्यावर बंदर. समोरून गाड्या येत होत्या. पहिल्या गाडीने दोनदा दिवे लखलखवले.

बापूने ब्रेक दाबून धरला. आमच्याकडे दिवे दाखवले म्हणजे मी येतोय, थांब. समोरची गाडी थांबलेलीच. तिने पुन्हा दिवे दाखवले. बापू पुन्हा थांबला.

"येईना का मग! आन दिवे काय दाखवायलाय?" तो ओरडला.

मागे हॉर्न वाजू लागले, आणि ते रामरामाचे नव्हते. मी समोरच्या चालकाकडे बघितले. त्याने पंजा उघडून रस्त्यावरून असा फिरवला, जसा आपण पाहुण्याला पाट दाखवताना फिरवतो.

"बापू, तो वाट देतोय आपल्याला. जा!"

"दिवे दाखवून?"

"जा!"

बंदराच्या फाटकापाशी गाडी लावून किल्ली तिथल्या पहारेकऱ्याच्या हातात कोंबली तेव्हा चार एकतीस. धक्का लांब, तापलेला, सरळ. त्या टोकाला आमचे जहाज, पांढरे, प्रचंड, आणि त्याच्या मागच्या बाजूचा जिना आधीच उचलून घेतलेला. मी धावले. गुडघ्यापर्यंत चिखल वाळून तडकत होता. श्वास घशात लोखंडासारखा लागत होता. बापू पुढे गेला, वळला, परत आला, माझा हात धरला, पुन्हा धावला.

पुढच्या जिन्याच्या पायथ्याशी छत्रीखाली एक प्लास्टिकची खुर्ची होती. खुर्चीत कोणीतरी बसले होते. हिरवे लुगडे, मांडीवर पिशवी, आणि एक हात वर, त्याची दोन बोटे उभी. शेजारी जहाजाचा सुरक्षा अधिकारी घाम पुसत उभा.

"या तुमच्या आई?" त्याने विचारले. त्याच्या आवाजात सुटका होती. "चारला खाली आल्या. वर चला म्हटले की ही दोन बोटे दाखवतात. मी यंत्रात बघितले, या खोलीतले दोन जण अजून जमिनीवर आहेत. पावणेपाचला जिना उचलणार होतो. त्या खुर्ची सोडायला तयार नाहीत."

आईने हात खाली घेतला. "आले," ती त्याला मराठीत म्हणाली. "म्हनलं न्हवतं?"

"आई, तू खाली का आलीस?" मी धापा टाकत विचारले. "जहाज गेलं असतं म्हणजे?"

"जाऊ दे की जाज. तुमी हितं, आन म्या त्येच्यात बसून कुठं जाऊ?"

"आई, वाट चुकली—" बापूने सुरुवात केली.

तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितले. केसांत पाचट, हातांना काप. "उसात गेला आसशील," ती म्हणाली. "धर मला. गुडगे धरल्यात बसून बसून."

सातवा मजला

खोलीत आल्यावर मी तिची पिशवी पलंगावर रिकामी केली. बेटावर आमच्यासोबत राहायची वेळ आली तर लागेल ते तिने भरले होते. बापूच्या रक्तदाबाच्या गोळ्या. माझा दुसरा चष्मा, माझी लिहायची वही. तिघांचे पासपोर्ट रुमालात गाठ मारून. बापूची लोकरी टोपी. धपाटे, शेंगदाण्याची चटणी. दोन सुती पंचे. तिचे स्वतःचे औषध कुठेच दिसेना. मी पिशवी झटकली, शिवण चाचपली, पुन्हा झटकली. मग उठून छोटा फ्रिज उघडला.

इन्शुलिनची शीशी जिथल्या तिथे होती. सुयांचे पाकीटही.

खिडकीबाहेर धक्का हलू लागला होता, किंवा आम्ही. बापू भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी शीशी हातात घेतली. गार होती, आणि माझ्या कापलेल्या बोटांना तो गारवा झोंबला. सिरिंज भरून मी तिच्यावरच्या रेघा मोजायला लागले. मोजल्या. विसरले. पुन्हा मोजल्या.

आईने पोटावरचा पदर बाजूला केला आणि वाट बघत राहिली.

"टोच की," ती म्हणाली. "काय बघायलीस? भूक लागली मला."